होडीचा हार

६ जाने.
पहिली पाळी. कंपनीच्या बससाठी बोईसर स्टेशनबाहेर उभी होते. समोर नवा बोर्ड लागलाय. सहज वर बघितलं तर आपली हेमाताय. दरवाजाएवढं तोंड. डोक्यावर मासळीची टोपली, सगळे दात दिसतायत, आणि खाली लाल अक्षरांत ‘मी जिंकले!’ बाजूला ती सीरियलवाली, ताईच्या खांद्यावर हात टाकून. मग कॅन्सरच्या संशोधनाला मदत करा, संस्थेचं नाव, फोन नंबर.
ताईला जाऊन चार महिने झाले. गौरीच्या आठवड्यात गेली.
बस माझ्यासमोरून निघून गेली. मी हात पण केला नाही.

७ जाने.
त्या नटीचं नाव ह्या वहीत लिहायचं नाही, वही विटाळते. गोडबाई म्हणणार. ताईच म्हणायची, “काय गोड बोलते गं ती बाय.”
सावित्री आज हसत हसत आली. बिहारची, पॅकिंगला माझ्याच लाइनवर गोळ्यांची पाकिटं लावते. “दीदी, आपकी बहन का फोटो देखा. ठीक हो गई ना? भगवान ने सुन लिया.” मी म्हटलं, हाँ. का म्हटलं हाँ? दिवसभर तेच डोक्यात. दोन पेट्या उलट्या चिकटल्या, शिव्या खाल्ल्या.
संध्याकाळी बाजारात ताईचं जुनं गिऱ्हाईक भेटलं. “तुमची बहीण बरी झाली म्हणून धंदा सोडला वाटतं. आता काय बाई, पोस्टरवर.”
बहीण मेली हे लोकांना पटवून सांगायची पाळी आलीय माझ्यावर.

९ जाने.
झोप नाही. सगळं आठवतंय, लिहून काढते म्हणजे सुटेन.
फोटो मागच्या वर्षीचा, होळीच्या आधीचा. सातपाटीला बोंबील सुकवतात तिथे दोन गाड्या आल्या. गोडबाई छत्रीखाली. ऑपरेशननंतर ताईचा डावा हात सुजायचा, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरने बजावलेलं. तरी टोपली पाहिजेच म्हणे, नाहीतर कोळीण वाटणार नाही. ताई वीस वर्षं रिक्षात क्रेट टाकून बोईसरला धंदा करत होती, डोक्यावर टोपली शेवटची कधी घेतली तिलाच आठवत नव्हतं. मग टोपलीत थर्माकोल भरला आणि वर एक थर बोंबील. फोटो झाला की गोडबाई नाकाला रुमाल. कॅमेरा आला की रुमाल गायब, हात ताईच्या गळ्यात.
निघताना म्हणाली, “हेमाताई, मी स्वतः फोन करणार तुम्हाला. दर आठवड्याला.” गोडबाईला पण झालेला ना तो आजार, पाच-सहा वर्षांपूर्वी. बरी झाली म्हणूनच तर संस्थेने तिला चेहरा केलाय. ताईला ती बहिणीपेक्षा जवळची वाटायला लागली. नंबर घेतला, ‘गोड बाय’ नावाने सेव्ह केला. सुक्या बोंबलांची दोन पाकिटं गाडीत ठेवली.
फोन आला नाही. शेवटी ताई खाटेवर, पोटात पाणी झालेलं, सात वाजले की मोबाईल उशाशी घ्यायची. “बाईचा फोन आयला का गं?” रोज. मी जुनी वही काढून आज मोजलं. एकेचाळीस संध्याकाळी.
ह्या एकेचाळीस मी तिच्याकडून वसूल करणार. कशा, ते माहीत नाही.

१३ जाने.
संस्थेत फोन केला. तीन ठिकाणी फिरवला, मग एक पोरगी.
“मॅम, मोहीम मार्चपर्यंत आहे.”
“ती वारलीय हो. मी सख्खी बहीण बोलतेय.”
“ओह. सो सॉरी मॅम. पण त्यांची सही आहे आमच्याकडे. आणि लोकांचा प्रतिसाद खूप छान आहे.”
मी म्हटलं, ऑपरेशनला काढलेला तिच्या गाठीचा तुकडा पण आहे तुमच्या लॅबमध्ये, त्याला तरी कळवा ती गेली म्हणून. फोन ठेवला तिने.
आमच्याकडे एका पाकिटावर चुकीचं लेबल लागलं तर मी लाल बटण दाबते, लाइन थांबते, अख्खी बॅच बाहेर. मॅनेजर बोंबलला तरी. बारा वर्षांत एक खोटं लेबल माझ्या हाताखालून गेलेलं नाही. आणि माझ्याच बहिणीवर लावून ठेवलंय, बोईसरपासून पालघरपर्यंत.

१६ जाने.
फेसबुकवर टाकलं. एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला ताईच्या घरातला हार घातलेला फोटो. वर लिहिलं : ही जिंकलेली बाई सप्टेंबरात वारली. हिच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या बाईंनी एकदा तोंडाने सांगावं की ती गेली. बस. एवढंच मागणं.
ह्यांना आधी विचारलं नाही. हे म्हणाले, मोठ्या लोकांच्या नादाला लागू नकोस. हे शेजारच्यांच्या मांजराच्या पण नादाला लागत नाहीत.

१७ जाने.
पोस्ट फिरतेय. निम्मे ताईसाठी रडतायत, निम्मे मला झोडतायत. ‘चांगल्या कामात खोडा.’ ‘पैसे पाहिजे असतील हिला.’ एका डॉक्टरने नीट लिहिलं, तुमचं दुःख समजतं, पण असं वाचून बायका तपासणीला घाबरतील, आणि संशोधन लोकांच्या मदतीवरच चालतं. मी लिहिलं, खोटं सांगून आणलेल्या बायकांना पुढे काय सांगणार?
भाची पूर्वाचा मेसेज : “मावशी, प्लीज काढ ती पोस्ट.” काढणार नाही. तिच्या आईसाठीच चाललंय सगळं.

२० जाने.
गोडबाई टीव्हीवर. मुलाखतवाल्याने विचारलंच, पालघरच्या एका बाईने टीका केलीय. गोडबाईने डोळे मिटले, उघडले. “वेदनेतून आलेल्या शब्दांवर मी रागावत नाही. हेमाताई गेल्या असं मी मानतच नाही. त्या आपल्या सगळ्यांत आहेत.”
मानत नाही! स्मशानात कोण होतं? लाकडं कोणी रचली? उचलली जीभ लावली टाळ्याला.
जळो मेलीचं तोंड. तिच्या घरात पण असंच कोणी फोनची वाट बघत बसो. लिहिलं. खोडणार नाही.

२३ जाने.
सुट्टी. सातपाटीला गेले. भावोजी कालच समुद्रातून आलेत, अंगणात जाळं पसरून बसलेले. बोर्डाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मोबाईलवर दाखवला. अंगठ्याने मोठा करून बघत राहिले. पहिलं वाक्य काय तर, “ही टोपली कोनाची? आपली नाय.”
मग दोन गाठी मारल्या जाळ्याला. मी आपली बडबडतेय, केस करू, पेपरात देऊ.
“मेल्या मान्साच्या फोटूला हार घालतात,” म्हणाले. “त्यांनी नाय घातला. आपला मानूस हाय, आपन घालू.”
एवढी साधी गोष्ट. एक शब्द बोलायला नको. हार बघितला की शेंबडं पोर पण ओळखतं, माणूस गेलं.
८ फेब्रुवारीला पालघरला संस्थेची चालण्याची मोहीम, गोडबाई येणार. मैदानाच्या तोंडाशीच बोर्ड आहे. तिच्या डोळ्यांदेखत घालायचा.

२५ जाने.
पालघरला जाऊन बोर्ड बघून आले. भावोजींनी रस्त्यावरूनच मोजला, दोन्ही हात पसरून, जाळी-दोर मोजतात तसा, पसरल्या हातांचा एक वाव. ताईच्या चेहऱ्याभोवती पाच वाव. एवढा लांब हार साधा फुलवाला करत नाही. मग बाजारातल्या बबनकडे, नारळी पुनवेला होड्यांचे हार तोच करतो. म्हटलं, “होडीचा कर तसा. पाच वाव. झेंडू, मध्ये पांढरा.”
“आता कुठची होडी, मावशी?”
“आहे एक.”

८ फेब्रु.
झालं.
सकाळी आठ. भावोजींचे दोन खलाशी खांबावरून असे चढले की वॉचमनला वाटलं बोर्डवालेच आलेत. खाली गुलाबी टोप्या घातलेली गर्दी, शाळेची मुलं, ढोल. हार वर ओढला. एक टोक ताईच्या बाजूच्या कोपऱ्याला बांधलं. आणि मग कळलं, लांब झालाय. बबन होडीचा हार कधी मोजून देत नाही, सांगितल्यापेक्षा वाव-दीड वाव जास्तच देतो, होडीला हार तोकडा पडला तर अपशकुन. मला हे लहानपणापासून माहीत. भावोजींना माहीत. सांगायचं दोघांनाही सुचलं नाही. खलाशांनी काय करावं? हार लोंबकळायला नको म्हणून दुसरं टोक पार पलीकडच्या कोपऱ्याला बांधलं, होडीला बांधतात तसं ताणून.
हार दोघींच्या चेहऱ्यांना पडला. ताईच्या आणि गोडबाईच्या.
त्याच वेळेला तिची गाडी आली. उतरली, हात जोडले, सगळे वर बघतायत म्हणून तिनेही वर बघितलं. ढोल थांबला. मला वाटलं ओरडेल, नाहीतर हसून नेईल, नटीच ती. ती गाडीच्या पायरीवर बसली. खालीच. कोणीतरी पाणी आणलं, तिची नजर वरच.
भावोजी हळूच म्हणाले, “दुसरीला नव्हता घालाचा गो.”
मला आनंद झाला. वहीत खोटं कशाला लिहू. पोटभर आनंद झाला.

९ फेब्रु.
हाराचा फोटो सगळीकडे. अर्ध्या महाराष्ट्राला वाटलं गोडबाई मेली. व्हॉट्सअॅपवर भावपूर्ण श्रद्धांजली, पणत्या, हात जोडलेले. बाजूच्या वहिनी सकाळी दारात, “अहो ऐकलंत का, ती सीरियलमधली गेली म्हणे.” मी म्हटलं, छे हो, ती जिंकलीय.
संस्थेने तक्रार दिली. पोलीस ठाण्यात भावोजी आणि मी, दोन तास बाकावर. साहेब म्हणाले, जिवंत बाईला हार घालता, धमकी आहे ही. भावोजी म्हणाले, “आमी आमच्या बायकोला घातला. हार मोठा झाला.” साहेबांनी तीनदा विचारलं, भावोजींनी तीनदा तेच सांगितलं. साहेब सातपाटीच्या बाजूचेच निघाले. बबनचं नाव ऐकल्यावर जरा हसू दाबलं. पण तक्रार आहेच.
कंपनीत एच.आर.ने बोलावलं. समज दिली. लेखी.

१२ फेब्रु.
पूर्वा आली. सातपाटीहून एकटी, डोळे सुजवून. चहा पण घेतला नाही.
“आईला माहीत होतं, मावशी. शूटिंगच्या आठ दिवस आधी रिपोर्ट आलेला. परत आलंय म्हणून. मीच आणला पालघरहून.”
मी म्हटलं, खोटं बोलू नकोस.
“तिने त्या बाईंना सांगितलं. माझ्यासमोर. बाई म्हणाल्या, मग ‘जिंकले’ नको लिहायला. आईच म्हणाली, लिवा. हरलेल्या बाईचा फोटू बघून कोन जाईल तपासाला?”
“आणि मला शपथ घातली, म्हणाली, मावशीला सांगू नकोस, ती आदळआपट करेल.”
आमच्या आळीतल्या बायका बोर्ड बघितल्यावरच तपासायला गेल्या, पूर्वा म्हणाली. ती स्वतः पण.
मग रडली. मी जवळ घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं.

१३ फेब्रु.
म्हणजे ताई टोपली डोक्यावर घेऊन हसत होती तेव्हा तिला माहीत होतं. आणि मी बाजूला उभी राहून म्हणत होते, अगं पदर नीट कर.
मला नाही सांगितलं. रोज डबा मी नेत होते, पाय मी चेपत होते, हागणंमुतणं मी काढलं. आणि सांगितलं कोणाला? दोन तासांच्या पाहुणीला.
राग कमी व्हायला पाहिजे ना? वाढलाय. बरं, बोर्ड ताईचा. मान्य. तिची मर्जी. पण मग फोन? जिला माहीत होतं ही बाई मरणार आहे, तिने तर पहिला फोन करायचा. एकेचाळीस संध्याकाळी तर आहेतच.

१५ फेब्रु.
संध्याकाळी सात. अनोळखी नंबर. मी पोळ्या करत होते.
“मी हेमाताईंची मैत्रीण बोलतेय.”
आवाज ओळखला. म्हटलं, तिला मैत्रीण नव्हती, बहीण होती.
मग म्हणाली, संस्थेला तक्रार मागे घ्यायला लावलीय. बोर्ड उतरवायला सांगितलेत. मी म्हटलं, तोंडाने सांगा टीव्हीवर, ती गेली म्हणून. म्हणाली, “ते माझ्याने होत नाही.”
का? एवढे डायलॉग होतात, हाच तेवढा होत नाही?
तेव्हा बोलली. तिचंही परत आलंय. दिवाळीत कळलं. फक्त नवऱ्याला माहीत आहे. संस्थेला नाही, आईला नाही. “त्या दिवशी हार बघितला तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलं. सगळ्यांना कळलं.”
पोळी जळली. गॅस बंद करायचं सुचलं नाही.
“हेमाताईंना फोन लावायला बसायची हो मी. रोज. त्या काय सांगतील त्याची भीती वाटायची. आता कोणाशी बोलू? ज्यांना सांगेन ते रडतील, नाहीतर बातमी करतील. तुम्ही निदान—”
मी कट केला. निदान काय, ते ऐकलं नाही.

१६ फेब्रु.
सात वाजता फोन. तोच नंबर. वाजू दिला.
ताई वाट बघायची ती हीच वेळ. गोडबाईला हे माहीत नसणार. मला माहीत आहे, एवढं पुरे.

१७ फेब्रु.
सात. वाजू दिला. हे म्हणाले, उचल तरी, कोणाचा आहे? म्हटलं, बँकवाल्यांचा.
माझ्या हातात आता दोन गोष्टी आहेत. एक तिचा फोन, एक तिचं गुपित. चार ओळी टाकल्या की संपली ती. ‘जिंकलेल्या बाई, तुमचा रिपोर्ट दाखवा.’ लिहून ठेवल्यात. पाठवल्या नाहीत.

१९ फेब्रु.
काल, आज. वाजला. मोजतेय. चार झाले. एकेचाळीस होऊ देत, मग बघू.
सातपाटीला कोणाला सांगितलं नाही. पूर्वाला पण नाही. ताईने माझ्यापासून लपवलं तसं मी सगळ्यांपासून लपवतेय, आणि कोणासाठी, तर हिच्यासाठी. वैरीण ती वैरीण, वर हिचं ओझं मी वागवायचं.

२२ फेब्रु.
सात झाले. आज खूप वेळ वाजला, बंद होऊन लगेच परत. तो एकच धरला.
स्वयंपाक करताना लक्ष घड्याळाकडे जातं. वाजेपर्यंत काही सुचत नाही. वाजून गेला की बरं वाटतं.

२४ फेब्रु.
बोईसर स्टेशनबाहेरचा ताईचा बोर्ड काढला. त्या जागी नवीन. गोडबाई एकटी, पांढरी साडी, हात वर. ‘मी जिंकले!’ तीच लाल अक्षरं.
बसमध्ये बसले तरी मान वळवून बघत होते. ह्या गर्दीत मला एकटीला माहीत आहे ते लेबल खोटं आहे. बारा वर्षांत खोटं लेबल जाऊ दिलं नाही म्हणून मिरवते ना मी? मग दाब की बटण. मोबाईल हातात, चार ओळी तयार. दाबलं नाही.
तिने लावून घेतलं की तिच्यावर पण कोणी लावलं, कोण जाणे.
सावित्री म्हणाली, “दीदी, बहन का फोटो निकल गया?” म्हटलं, बहन मर गई, सावित्री. सितंबर में. तिने हातातली पाकिटं खाली ठेवली आणि माझा हात धरून उभी राहिली. लाइन चालूच होती. लाल बटण तिनेच दाबलं.
संध्याकाळी वाजला. नऊ.

२५ फेब्रु.
पूर्वाने फोनवर विचारलं, “मावशी, आई गेली त्या दिवशी सात वाजता तिने मोबाईल मागितला होता का गं?” म्हटलं, नव्हता मागितला. शुद्धच नव्हती.
खोटं. मागितला होता. मी म्हटलं होतं, आता पुरे झालं ताई, नाही येणार कोणाचा फोन. हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.
सातला वाजला. दहा.

२६ फेब्रु.
सात वाजले. वाजला नाही.
सव्वासात. रेंज आहे. चार्जिंग आहे. ह्यांच्या फोनवरून माझ्याच नंबरला लावून बघितला, वाजतोय नीट.
टीव्ही लावला, बातम्या. तिचं काही नाही.
पाऊण तास झाला. भात लावायचाय. फोन ओट्यावर ठेवलाय, आवाज मोठा करून.